पहिल्या टेबलावर कोणी नव्हतं

२०२१च्या एप्रिलमध्ये नागपुरातल्या खासगी कोविड रुग्णालयांची बिलं तपासायला महापालिकेने जी माणसं बसवली होती, त्यांतली मी एक. मूळची लेखा विभागातली. ठेकेदारांची देयकं, निवृत्त कर्मचाऱ्यांची थकबाकी, हे माझं नेहमीचं काम. बिल तपासते म्हटलं की लोकांना वाटतं, बेरीज बघत असेल. बेरीज सॉफ्टवेअर करतं, ती चुकत नाही. कुठली ओळ बिलात यायलाच नको होती, हे बघायचं असतं.

त्यासाठी हातात होती राज्य सरकारची २१ मे २०२०ची अधिसूचना. खासगी रुग्णालयाच्या ८० टक्के खाटांना सरकारी दर: विलगीकरण वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. उरलेल्या २० टक्के खाटांवर रुग्णालयाने स्वतःचे दर लावावेत. सरकारी दरात काय काय आलं, ते मला अजून पाठ आहे. खाट, नर्सिंग, डॉक्टरांची तपासणी, जेवण, ऑक्सिजन, नेहमीच्या रक्ततपासण्या, एक्स-रे, ईसीजी, टू-डी इको, नाकातली नळी, लघवीची नळी. बाहेर काय? पीपीई किट, कोविडची चाचणी, मेरोपेनेम-टोसिलिझुमॅबसारखी महागडी औषधं, सीटी-एमआरआय. इतकं स्वच्छ लिहिलेलं असूनही ऑक्सिजनचे वेगळे पैसे लावलेले नाहीत असं बिल माझ्यासमोर क्वचितच आलं. ‘सॅनिटायझेशन चार्ज’, ‘आरएमओ (निवासी डॉक्टर) चार्ज’, ‘कोविड हँडलिंग’ अशी नावं तर दर आठवड्याला नवी निघत.

ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे तो २४ एप्रिल, शनिवार. आदल्या दिवशीच विशाखापट्टणमहून निघालेली ऑक्सिजन एक्स्प्रेस नागपूर स्थानकावर येऊन तीन टँकर उतरवून नाशिककडे गेली होती. मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी रुग्णालयांच्या आवारात रुग्णवाहिकांची रांग होती. माझी नेमणूक धंतोली-रामदासपेठ भागातल्या साठ खाटांच्या एका रुग्णालयात होती. त्याचं नाव इथे लिहीत नाही.

सकाळी माझ्या टेबलावर एका बाईंचं बिल आलं. वय अठ्ठावन्न, राहणार नंदनवन. १४ एप्रिलला रात्री दोन वाजता भरती, चार दिवस आयसीयू, मग वॉर्ड. आता मास्कशिवायही रक्तातलं ऑक्सिजन पंच्याण्णव, सहा मिनिटं चालून पाहिलं, डॉक्टरांनी सुट्टी लिहून दिली. बिल २,८७,००० रुपये. पहिल्या पानावर शिक्का: ‘२० टक्के’. म्हणजे माझा अधिकार तिथेच संपावा अशी व्यवस्था.

बिल उघडायच्या आत महापालिकेच्या नियंत्रण कक्षातून फोन आला. त्या मजल्यावरची खाट मोकळी होणार असल्याचं त्यांना कळलं होतं आणि एका रुग्णाला घेऊन गाडी निघालीसुद्धा होती. पाठोपाठ रुग्णालयाचे व्यवस्थापक. “मॅडम, तुमची सही झाली की खाट मोकळी. खाली पेशंट येऊन राहिला आहे, पाहा तुम्ही.” आवाजात काळजी होती, आणि ती खोटी होती असं मी म्हणणार नाही. पण हे वाक्य त्यांना रोज उपयोगी पडत होतं. बिल बंद होईपर्यंत सॉफ्टवेअरमध्ये खाट भरलेलीच दिसते, आणि बिल बंद व्हायला तपासणीची सही लागते. मी नीट तपासावं तर खाली कोणाचा तरी श्वास अडलेला, आणि घाई करावी तर समोरच्या घरावर दोन लाखांचा बोजा. ही साखळी ज्याने बांधली त्याने एप्रिलच्या त्या दिवसांत एक तास तरी त्या टेबलावर बसून बघायला हवं होतं.

वाट काढली बिलिंगच्या मुलीने. कामठीहून रोज स्कूटीवर यायची, पोलिसांना पास दाखवत. ती हळूच म्हणाली, “मॅडम, बिल बंद न करता पेशंटला डे-केअरच्या कोडवर टाकता येते. खाट लगेच रिकामी दिसते.” तळमजल्यावरची फिजिओथेरपीची खोली तेव्हा बंदच होती. ती उघडून घेतली, पंखा चालू केला, बाईंना व्हीलचेअरवरून खाली आणून मुलाजवळ बसवलं. वरची खाट पुसून, चादर बदलून पुढच्या माणसाला मिळाली. व्यवस्थापकांना हे आवडलं नाही, पण नाही म्हणायला त्यांच्याकडे कारण उरलं नव्हतं. बैठकांमध्ये मोठमोठ्या पदांवरची माणसं ‘बेड टर्नओव्हर’वर, म्हणजे खाटा लवकर मोकळ्या करण्यावर, बोलताना मी ऐकली आहेत. त्यांच्यापैकी कोणाला ही गोष्ट सुचली नव्हती. मी ती त्याच दिवशी आमच्या गटातल्या सगळ्या तपासनिसांना कळवली.

मग मी शांतपणे बसले.

आधी तो २० टक्क्यांचा शिक्का. रुग्णालयाच्या मते भरतीच्या वेळी मुलाने संमती दिली होती. संमती म्हणजे भरतीच्या इंग्रजी कागदांच्या गठ्ठ्यातली मधलीच एक ओळ. मुलगा सक्करदऱ्याच्या एका दुकानात कामाला. म्हणाला, “आईचं ऑक्सिजन पंच्याऐंशी होतं, मॅडम. त्यांनी जिथं बोट ठेवलं तिथं मी सही केली. तवा कोन वाचते?” सही खरी होती, तिच्याशी भांडून काही निघणार नव्हतं.

म्हणून मी संमतीचा कागद बाजूला ठेवला आणि आंतररुग्ण नोंदवही मागितली. साठ खाटा, त्यांचे वीस टक्के बारा. बारा म्हणजे कोणत्याही क्षणी बाराच. त्या दिवशी स्वतःच्या दराने आकारणी चाललेले रुग्ण मोजले, ते निघाले एकवीस. रुग्णालयाला संमती पन्नास जणांनी दिली असेल, खाटा बाराच्या वर जात नाहीत. मग प्रश्न उरला, जास्तीचे नऊ कोण? भरतीच्या वेळेप्रमाणे क्रम लावला. पहिले बारा २० टक्क्यांत, तेरावा आला की त्याला सरकारी दर. या बाई पंधराव्या होत्या. नऊच्या नऊ नावं मी कागदावर लिहिली आणि व्यवस्थापकांसमोर ठेवली. हा हिशेब अधिसूचनेत असा शब्दशः लिहिलेला नाही, पण तिच्यातून दुसरा कुठला निघतही नाही. त्यांनी वकिलांना फोन लावला, बराच वेळ बोलले, आणि शिक्का खोडला. नऊही जणांचा.

पुढचं काम माझ्या आवडीचं. आयसीयूचे चार दिवस बरोबर होते. त्यानंतरचे तीन दिवस ‘स्टेप-डाउन’ नावाच्या खोलीचे, तेही आयसीयूच्या दराने. अधिसूचनेत अशी खोलीच नाही. नर्सच्या नोंदीत ऑक्सिजन मास्कवर, दर चार तासांनी तपासणी, म्हणजे वॉर्ड. चार दिवस ७,५००ने आणि सहा दिवस ४,०००ने, मिळून ५४,०००.

सीटी स्कॅन दोन, प्रत्येकी ५,५००. एचआरसीटीचे, म्हणजे छातीच्या बारकाईच्या सीटीचे, दर सरकारने सप्टेंबर २०२०मध्ये मशीनच्या स्लाइसवर (ते एका फेरीत किती थर टिपतं त्यावर) बांधले होते: १६हून कमी स्लाइसचं असेल तर २,०००, १६ ते ६४ असेल तर २,५००, त्यावर ३,०००. बिलावर स्लाइस लिहीत नाहीत. मी खाली जाऊन तंत्रज्ञाला विचारलं. तो बिचारा सरळ माणूस. मशीनवरची पाटीच दाखवली. बत्तीस. दोन स्कॅनचे ५,०००.

पीपीई किटचं त्याहून वाईट. दिवसाला आठ किट एका रुग्णाच्या नावावर. त्या मजल्यावर एक नर्स एका किटमध्ये सहा तास असते आणि तेवढ्यात दहा-बारा रुग्ण बघते. त्या मुलींची किट उतरवल्यानंतरची अवस्था मी रोज बघत होते, त्यांच्या घामाचे पैसे मागण्याला माझी हरकत नाही. पण तेच किट बाराही जणांच्या बिलात कसं येतं? भांडारातून त्या मजल्याला रोज किती किट गेले याची वही असते. ती काढून रुग्णांच्या संख्येने भागलं.

आणि रेमडेसिवीर. पाच दिवस, सहा बाटल्या, १८ ते २२ एप्रिल. बिलात प्रत्येकी २,८००. १७ एप्रिलला कंपन्यांनी भाव उतरवले होते. या कंपनीची २,८००ची बाटली ८९९ला झाली होती. रुग्णालयाचं म्हणणं, आमचा साठा जुना. त्या दिवसांत रेमडेसिवीर दुकानात मिळत नव्हतं, जिल्हाधिकारी कार्यालय रुग्णालयनिहाय वाटप करत होतं. त्यामुळे प्रत्येक खोक्याचं चलान कुठेतरी असणारच. औषध तक्त्यावर नर्सने बॅच नंबर लिहिले होते, आणि ज्या नर्सने ते इतक्या गर्दीत नीट अक्षरात लिहिले तिला मी मनातून हात जोडले. तेच बॅच नंबर १८ तारखेच्या चलानवर सापडले, नव्या भावाने. १६,८०० रुपयांचे ५,३९४ झाले.

दुपारनंतर बिल आलं ९८,०००वर. पावतीने भरलेली आगाऊ रक्कम एक लाख होती. मी मुलाला सांगितलं, आता काही भरायचं नाही, उलट दोन हजार परत घ्यायचे. मला वाटलं त्याचा चेहरा सुटेल.

तो म्हणाला, “आणि ते पन्नास हजार?”

भरतीच्या रात्री लाखाच्या पावतीआधी त्याने पन्नास हजार रोख दिले होते. खाली, कॅज्युअल्टीच्या दाराशी असलेल्या टेबलावर. आधी ते ठेवा, मग लिफ्ट. त्याच्या मामांनी शेजाऱ्यांकडून गोळा करून आणले होते. बदल्यात एका चिठ्ठीवर फक्त आकडा, सही नाही, शिक्का नाही. तिचा फोटो त्याच्या मोबाइलमध्ये होता. टेबलावर तेव्हा कोण होतं, ते वर्णनही त्याने केलं. व्यवस्थापकांनी तो फोटो पाहिला आणि म्हणाले, आमच्याकडे अशी रक्कम जमा नाही. रोकडवहीत खरंच नव्हती. मी १४ तारखेचं पान स्वतः तपासलं.

इथे माझं हत्यार चालत नाही. बिलात जे आहे ते मी ओळीओळीने खोडू शकते. जे बिलात आलंच नाही त्याला मी हात कुठे लावू? शेरा लिहिण्याच्या रकान्यात सगळं लिहिलं, फोटोची छापील प्रत जोडली, मुलाचा जबाब घेतला, मामांचा घेतला, आणि प्रकरण वर पाठवलं. बाई त्या सगळ्या वेळात फिजिओथेरपीच्या खोलीत बसून होत्या. निघताना मला म्हणाल्या, “पोरी, जेवलीस का तू?”

तेव्हापासून हे माझ्या डोक्यातून जात नाही. महापालिकेने आम्हाला बसवलं शेवटच्या टेबलावर, सुट्टीच्या वेळी, दिवसा. आणि माणूस लुटला जातो तो पहिल्या टेबलावर, रात्री दोन वाजता, ऑक्सिजन पंच्याऐंशी असताना. २० टक्क्यांचा शिक्का तिथेच पडतो, रोख तिथेच जाते, सही तिथेच होते. त्या टेबलाशी आमचा एक माणूस बसवा, हातात ८० टक्क्यांची खाटवही द्या, पावतीशिवाय पैसा घेऊ देऊ नका, एवढीच टिपणी मी मे महिन्यात सादर केली. उत्तर आलं, मनुष्यबळ उपलब्ध नाही. खोटं नव्हतं ते. आमच्या विभागातले किती जण स्वतः खाटेवर होते! पण त्याच काळात विनामास्क माणसाला पाचशे रुपये दंड करणारी पथकं चौकाचौकांत उभी होती. त्यांतली थोडी रात्री रुग्णालयांच्या दाराशी उभी करता आली असती, हे माझं मत मी आजही बदललेलं नाही.

लोक म्हणतात महापालिकेने काही केलं नाही. गांधीनगरचं इंदिरा गांधी रुग्णालय, इमामवाड्याचं आयसोलेशन रुग्णालय, पाचपावलीचं सूतिकागृह, यांच्यात कोविडच्या खाटा उभ्या करताना मी देयकं मंजूर केली आहेत. ती कामं झाली. पण २०११च्या जनगणनेतच चोवीस लाखांवर गेलेल्या शहराची महापालिका मोठ्या रुग्णालयासाठी राज्य सरकारच्या मेडिकल-मेयोकडे बघते, आणि तिथे जागा नसली की खासगीच्या दारात उभी राहते. दुसऱ्याच्या दारात उभं राहिलेल्याचा हुकूम किती चालणार?

प्रकरणाचं पुढे असं झालं: रुग्णालयाला नोटीस गेली. उत्तर आलं की अशी रक्कम स्वीकारल्याची नोंद नाही. त्यावर ‘अभिलेखावर पुरावा आढळत नाही’ असा शेरा पडून फाइल थांबली.

जुलैमध्ये मुलाचा फोन आला. आई बरी होती, थोडा दम लागायचा. शेजाऱ्यांचे पैसे फेडायला त्याने तिची पोत सोनाराकडे ठेवली होती, व्याज चालू होतं. फाइलचं काय झालं, विचारत होता. मी त्याला आवक क्रमांक दिला, तारीख दिली, आणि माहिती अधिकारात कुठल्या कागदांच्या प्रती मागायच्या ते एकेक करून लिहून घ्यायला लावलं. शेवटी तो म्हणाला, “मॅडम, तो मानूस अजून त्याच टेबलावर बसते. मी परवा पाहून आलो.”

मी त्याला सांगितलं, हेही अर्जात लिही, आणि त्याची पाळी कोणती होती त्या हजेरीपटाची प्रत माग.