नेहमीसारखं चाला

लांबून येणारा माणूस चेहरा दिसण्याआधी चालीवरूनच ओळखू येतो. पण तीच चाल कागदावर उतरवा म्हटलं, की गाडी ‘जरा फेंगडा चालतो’ याच्या पुढे सरकत नाही. फेंगडा म्हणजे किती, कुठल्या पायाने, कुठल्या क्षणी? चालीचा अभ्यास या चौकशीपासून सुरू होतो.

एक टाच टेकल्यापासून तीच टाच पुन्हा टेकेपर्यंत एक आवर्तन. बेताच्या वेगात त्याला सेकंदभर लागतो. त्यातला सुमारे 60 टक्के वेळ तो पाय जमिनीवर असतो, 40 टक्के हवेत. वजन या पायावरून त्या पायावर जाताना दोन्ही पावलं एकदम टेकलेली असतात, ती सेकंदाचा जेमतेम दहावा भाग. सेकंदाला 30 चित्रं टिपणाऱ्या मोबाइलच्या वाट्याला त्यातली तीनच येतात, आणि टाच नेमकी कधी टेकली ते मग अंदाजपंचे ठरतं. 240 चित्रांच्या स्लो-मोशनमध्ये 24 मिळतात. फक्त ट्यूबलाइटखाली चित्र लुकलुकतं, म्हणून दिवसाउजेडी टिपावं.

मोबाइल हातात धरू नये. तिवईवर, खुब्याच्या उंचीला, चालण्याच्या रेषेशी काटकोनात ठेवावा. तिरका राहिला की गुडघ्याचा कोन खोटा येतो. साडीत किंवा सैल पायजम्यात गुडघा दिसतच नाही, तेव्हा अर्धी चड्डी बरी. खुबा, गुडघा, घोटा यांवर टिकल्या चिकटवतात खऱ्या, पण हाडावरची कातडी सरकते, मांडीवर तर फारच, आणि टिकली तिच्याबरोबर जाते. ॲपने ‘57.3 अंश’ दाखवले तर त्यातले .3 ही निव्वळ शोभा समजावी.

वेगाचं काम त्यामानाने सोपं. फरशीवर 10 मीटर मोजून चिकटपट्ट्या लावायच्या. पहिले 2 मीटर वेग पकडायला, शेवटचे 2 थांबायला. घड्याळ मधल्या 6 मीटरांपुरतंच. ते 5 सेकंदांत कापले तर वेग सेकंदाला 1.2 मीटर, म्हणजे धडधाकट माणसाचा. घड्याळ थांबवताना बोट 0.3 सेकंद उशिरा पडलं तर उत्तर 1.13 येतं. जागा नाही म्हणून 3 मीटरच मोजले, तर तेवढ्याच चुकीने ते 1.07 वर घसरतं. पट्टी ओलांडली असं कधी म्हणायचं, पावलाचा कुठला भाग पुढे गेल्यावर, हे आधीच ठरवून लिहावं.

खरी पंचाईत माणसाची. कोणी बघतंय म्हटल्यावर छाती पुढे येते, पावलं लग्नातल्या फोटोसारखी शिस्तीत पडू लागतात. म्हणून पहिली फेरी सोडून द्यावी आणि पुढच्या तीन घ्याव्यात. सूचनाही प्रत्येकाला तीच: ‘नेहमीसारखं चाला.’ एकाला ‘चला बघू भरभर’ म्हटलं की तुलना संपली. पायात काय होतं तेही नोंदवावं. सैल चपलेत बोटं आवळावी लागतात, आणि पुढच्या खेपेला तोच माणूस बूट घालून येतो.

नवखा हमखास फसतो तो कमरेपाशी. उजव्या पायावर उभं राहताना डावी बाजू खाली झुकली, की तो लिहितो, ‘डाव्या खुब्यात दोष’. कमजोर असतो तो बहुधा उजव्या खुब्याच्या बाहेरचा स्नायू, कारण एका पायावर उभं असताना कमर सपाट धरायचं काम त्याचं. तो अगदीच थकलेला असला तर धड उजवीकडे कलतं आणि कमर सरळ दिसते. मग काहीच नाही म्हणून मोकळं. वहीत दोन रकाने हवेत: एकात दिसलं ते, दुसऱ्यात वाटलं ते. ‘उजव्या पायावर असताना डावी कमर खाली’ पहिल्यात, ‘स्नायू अशक्त’ दुसऱ्यात. पहिला भरल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नये.

आठवड्याने त्याच चित्रफिती, नावं झाकून आणि क्रम बदलून, पुन्हा तपासाव्यात, जुनी वही न उघडता. उत्तरं जुळली नाहीत तर बहुतेक वेळा डोळ्यांचा दोष नसतो. ‘कमर झुकली’ कशाला म्हणायचं हेच ठरलेलं नसतं.