माथेरान एका दिवसात, आई-बाबा आणि मुलांसकट

माथेरानला गाडी फक्त दस्तुरी नाक्यापर्यंत जाते. पुढे पाय, घोडा, ई-रिक्षा किंवा अमन लॉज स्टेशनहून बाजारपेठेपर्यंत जाणारी छोटी रेल्वे, म्हणजे शटल. एका दिवसाचं गणित फसतं ते बहुतेक वेळा इथेच, पॉइंटांवर नाही.

लोकलने येणार असाल तर कर्जत किंवा खोपोली गाडी पकडून नेरळला उतरा आणि तिथून शेअर टॅक्सीने दस्तुरी गाठा. स्वतःची गाडी असेल तर नेरळचा घाट चढताना पहिला गिअर सोडायची घाई नको. अर्धवट दाबलेला क्लच तापतो आणि वळणावर जळका वास येतो. उतरतानाही खालचाच गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. शनिवार-रविवारी उशीर झाला की पार्किंगची रांग घाटातच लागते, म्हणून नऊच्या आत पोहोचलेलं बरं.

दस्तुरीवर प्रवेशकर भरून अमन लॉज स्टेशनला चालत जायचं. शटलचे डबे मोजकेच, त्यामुळे एकाने पुढे जाऊन तिकिटाच्या रांगेत उभं राहावं. जागा नाही मिळाली तर चालत जा, बाजारपेठ अडीच किलोमीटरवर आहे. मोठ्यांना पाऊण तास लागतो, मुलांबरोबर तासभर धरा. १९०७ साली सुरू झालेली नेरळ-माथेरान मिनी ट्रेन पावसाळ्यात बंद असते, तेव्हाही शटल बहुधा चालू राहते.

सगळे पॉइंट करायचा हट्ट सोडा. पॅनोरमा उत्तर टोकाला, बाजारापासून बराच लांब. लहान मुलं असतील तर तो गाळाच. शार्लोट तलाव, लॉर्ड, इको आणि लुईझा हे एकाच बाजूला, सावलीतून फिरता येतात. लुईझावरून समोर प्रबळगड दिसतो.

बाबागाडी आणू नका, जांभ्याच्या लाल मातीत तिची चाकं रुततात. पांढरे मोजेही नकोत, मातीचा लाल रंग धुऊनही पूर्ण जात नाही. खाऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत हातात धरला की माकडं झडप घालतात. तो चेन असलेल्या सॅकमध्ये ठेवा आणि तलावाजवळ उघडूच नका. घोडा करायचा तर कोणते पॉइंट, किती वेळ आणि परतीसह किती पैसे, हे चढण्याआधी ठरवा.

सूर्यास्ताला पॉर्क्युपाइन पॉइंटवर थांबणार असाल तर शेवटच्या शटलची वेळ सकाळीच विचारून ठेवा. टॉर्चही हवा, झाडीतल्या वाटा सूर्य बुडताच अंधारतात.