डब्याला खालून भोक पाडा

शिंपण्याच्या पंपाचा टायमर झाला एकदाचा. ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर बोर्ड), एक आरटीसी (वेळ सांभाळणारी घड्याळाची चिप), एक रिले (बोर्डाने चालू-बंद होणारा स्विच) आणि विहिरीतल्या फ्लोट स्विचची, म्हणजे पाण्याची पातळी कळवणाऱ्या तरंगत्या स्विचची वायर, एवढाच प्रकार, टेबलावर मस्त चालायचा. पण टेबलावर चालणं वेगळं आणि इथे गुहागरात वाडीच्या कडेला, समुद्राच्या वाऱ्यात पावसाळा काढणं वेगळं. सर्किटवर लोक पानंच्या पानं लिहितात आणि डबा म्हटलं की 'वॉटरप्रूफ बॉक्समध्ये घाला' एवढं एक वाक्य, संपला विषय.

आधी डबा कुठला ते. जस्त चढवलेल्या पत्र्याचा जीआय बॉक्स आपल्याकडे किती टिकतो ते कुणाच्याही मीटरखाली बघा, शिवाय पत्र्यातून वायफाय धड बाहेर येत नाही. थ्रीडी प्रिंटवाले मित्र पीएलए नावाच्या प्लास्टिकमध्ये छापून देतो म्हणतात, पण पीएलए साधारण ६० डिग्रीला मऊ पडायला लागतं आणि मे महिन्यातल्या उन्हात बंद डबा बऱ्यापैकी तापतो, त्यामुळे नको. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ऑनलाइन पॉलिकार्बोनेटचा आयपी६५ डबा मिळतो तो घ्या, आणि वाटतो त्यापेक्षा एक साइज मोठाच घ्या, कारण सर्किट मावतं पण वायरी वळायला जागा लागते ती कुणी मोजत नाही.

आता मुद्द्याचं. आयपी६५ मधला ६ म्हणजे धूळ अजिबात आत नाही आणि ५ म्हणजे पाण्याचा फवारा मारला तरी चालेल. बरोबर आहे, पण आपल्याकडे पाणी फवाऱ्याने येतच नाही, हवेतून येतं! दुपारी ऊन पडलं की डब्यातली हवा फुगते आणि झाकणाचं रबरी गॅस्केट, ग्लँड (वायर डब्यात शिरते तिथलं आवळायचं बूच), वायरीच्या इन्सुलेशनच्या आतली पोकळी, जिथून सापडेल तिथून थोडी बाहेर जाते, मग अचानक सर येते, डबा थंड होतो आणि तेवढीच हवा आत ओढतो, आता ती दमट असते. रात्री त्याचंच दव होऊन झाकणाला आतून थेंब धरतात. हे रोज चालतं, आणि आत आलेलं पाणी बाहेर जायला वाट नसते कारण आपणच सगळं सील केलेलं. सिलिका जेलच्या पुड्या काही दिवस ओल शोषतात, मग भरल्या की संपलं.

त्यात खारी हवा. पावसात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं ना, ते हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की सुटतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर बहुतेक वेळ ती वरच असते. म्हणजे पीसीबीवर, सर्किटच्या पाटीवर बसलेला मिठाचा थर चार महिने ओलाच, आणि ओल्या मिठातून करंट वाहतो. पाटीवरचे हिरवे पडलेले तांब्याचे ट्रॅक बघितलेत ना, ते तेच.

म्हणून डब्याच्या तळाला, सगळ्यात खालच्या कोपऱ्यात चारेक एमएमचं भोक. हे सांगितल्यावर आमचे वायरमन काका म्हणाले, "अरे, एवढा महागाचा डबा आणून त्याला भोक पाडतोयस?" भोक पाडलं की आयपी६५ उरत नाही, मान्य, पण डबा पन्हळीखाली आहे, त्याच्यावर कोणी पाइप धरणार नाहीये. हवा जाऊ देणारे आणि पाणी अडवणारे व्हेंट प्लगही मिळतात, ते जास्त नीटस, पण आत दव झालंच तर ते खाली गळून जायला उघडं भोकच बरं. फक्त त्याला आतून बारीक जाळी लावा, नाहीतर कुंभारीण माशी आठवड्यात मातीने लिंपून टाकते आणि मुंग्या तर काय, त्यांना रिलेची ऊब फार आवडते.

भोक आहे म्हणजे खारी हवाही आत येणार, तेव्हा बोर्डाला कोटिंग हवंच. आधी आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) सोल्डरिंगचा उरलेला फ्लक्स नीट धुऊन घ्या, सुकू द्या, मग बोर्डावर पातळ संरक्षक थर देणारा अ‍ॅक्रिलिक कन्फॉर्मल कोटिंगचा स्प्रे, पण कनेक्टर आणि बटणांवर टेप लावून. फट बुजवायला सिलिकॉन वापरणार असाल तर व्हिनेगरसारखा वास येणारं घेऊ नका, ते सुकताना अ‍ॅसिड सोडतं आणि तांब्याला खातं, न्यूट्रल लिहिलेलं मागा.

वायरी सगळ्या खालूनच, वरून एकही नाही. माझ्या केबलींना पीजी ९ साइजचे ग्लँड बसले, त्याला साधारण १५-१६ एमएमचं भोक लागतं, स्टेप ड्रिल असेल तर सोपं पडतं, तापलेल्या सोल्डरिंगने पाडलेली भोकं वाकडी होतात आणि ग्लँड बसत नाही. ग्लँडच्या आधी वायरीला खाली झोळ द्या म्हणजे वायरीवरून येणारं पाणी झोळातच टपकतं.

२३० व्होल्टची बाजू आणि ५ व्होल्टची बाजू यांच्यामध्ये अ‍ॅक्रिलिकची आडवी पट्टी टाकली आहे. आणि कृपा करून पंप थेट त्या निळ्या रिलेवर टाकू नका, १० अँपियर लिहिलेलं असलं तरी! मोटर सुरू होताना कितीतरी पट करंट ओढते, काँटॅक्ट चिकटतात आणि मग पंप बंदच होत नाही, विहीर उपसून कोरडा फिरत राहतो. रिलेने फक्त काँटॅक्टरची, म्हणजे मोटरचा भार झेलणाऱ्या मोठ्या स्विचची, कॉइल चालवायची. ती जोडणी, अर्थिंग आणि ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हे काम काकांनी केलं, विहिरीजवळच्या ओल्या जमिनीवर हौस म्हणून २३० शी खेळायला मी तयार नाही.

राहिली भिंत. चिऱ्याची भिंत पावसात पाणी पिते आणि मऊ चिऱ्यात प्लगही धरत नाही, म्हणून लांब बोल्टने आधी फळी ठोकली आणि तिच्यावर बोटभर अंतर सोडून डबा, पूर्वेच्या बाजूला, कारण झड सगळी पश्चिमेकडून येते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, खाऱ्या हवेत जास्त टिकणाऱ्या ३१६ जातीचे मिळाले तर उत्तम, इथल्या दुकानात ३०४ च असतात, तेही चालवून घेतले आहेत. झाकणाच्या आत वायरींचा नकाशा पेन्सिलने काढून चिकटवलाय, बॉलपेनची शाई ओलीने पसरते.