जर्मनची कार्डं मराठीतच करा

"ताई, जर्मनच्या शब्दांसाठी कुठलं ॲप घेऊ?" आमच्या जर्मन क्लासच्या बॅचमध्ये नवीन मुलगी आली की हा प्रश्न येतोच. आम्ही बहुतेक जणी मिरज-सांगलीच्या दवाखान्यांत स्टाफ नर्स आहोत. काही जणी जत, कवठेमहांकाळहून ऑनलाइन क्लासला बसतात. हातात एक अँड्रॉइड फोन, लॅपटॉप क्वचितच कुणाकडे. डोळ्यासमोर बी२ परीक्षा (ए१, ए२, बी१ या पातळ्यांनंतरची), कारण जर्मनीत नर्स म्हणून नोंदणी व्हायची तर सहसा तेवढी भाषा लागतेच. अशा मुलीला मी तीन गोष्टी बघायला सांगते. त्यात स्वतःचं कार्ड (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर) मराठीत लिहिता आलं पाहिजे, ते नेटशिवाय चाललं पाहिजे आणि त्यानं चार पर्याय न दाखवता आठवायला लावलं पाहिजे. माझ्यासाठी असं ॲप म्हणजे अँकी. पण ॲपच्या नावापेक्षा मला पहिली अट जास्त महत्त्वाची वाटते.

तयार मिळणारे जवळजवळ सगळे डेक, म्हणजे कार्डांचे संच, जर्मन-इंग्रजी असतात. आम्ही नर्सिंग इंग्रजीतून शिकलो, त्यामुळे तेच बरे असं मुलींना वाटतं. पण वॉर्डातली साधी वाक्यं घेऊन बघा. 'मिअर इस्ट काल्ट' म्हणजे मला थंडी वाजतेय. 'मिअर इस्ट श्विंडेलिश' म्हणजे मला चक्कर येतेय. 'मिअर इस्ट यूबेल' म्हणजे मला मळमळतंय. 'मिअर' म्हणजे 'मला'. जर्मनमध्ये थंडी, चक्कर, मळमळ माणसा'ला' होते, अगदी आपल्यासारखी. इंग्रजीत मात्र तिन्ही ठिकाणी 'आय' येतो. त्यामुळे इंग्रजीवरून जर्मन करणारी मुलगी 'इश बिन काल्ट' म्हणून मोकळी होते आणि त्याचा अर्थ होतो, माझं अंग गार पडलंय किंवा मी थंड मनाची आहे. पेशंटला विचारायचं असतं 'वो टूट एस ईनेन वे?' म्हणजे तुम्हाला कुठे दुखतंय? 'ईनेन' म्हणजे 'तुम्हाला'. कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य असेल तर दुसरीकडची विभक्ती पाठ करावी लागत नाही, ती समोरच असते. आवडण्याचंही तसंच. 'दास बूख गेफेल्ट मिअर', पुस्तक मला आवडतं.

वाक्याच्या शेवटी जाणारं क्रियापद जर्मन शिकणाऱ्या बहुतेकांना छळतं. 'वाइल एर हॉइटे कोमेन कान' याचा एकेक शब्द उचलून मराठीत ठेवा: कारण तो आज येऊ शकतो. क्रमसुद्धा बदलावा लागत नाही! सगळी जर्मन वाक्यं अशी नसतात, मुख्य वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी येतं. पण 'वाइल' (कारण), 'दास' (dass, म्हणजे 'की'), 'वेन' (जर, जेव्हा) या शब्दांनी सुरू होणाऱ्या वाक्यांची कार्डं मी मराठीतूनच करते. ती पटकन बसतात.

'तुम्ही'चंही बघा. इंग्रजी डेकमध्ये एकच 'यू' असतो आणि जर्मनमध्ये त्याचे 'डू', 'ईअर' आणि 'झी' असे तीन होतात. माझ्या कार्डांवर तू, तुम्ही सगळे आणि आपण असं लिहिलेलं असतं. सत्तरीच्या आजोबांना 'डू' म्हणून हाक मारायची नाही, हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. मग कार्डावरच तो फरक पुसून का टाकायचा?

आता लिंगाबद्दल. नामाआधी येणारे डेर (तो), डी (ती), दास (ते) पाहून इंग्रजीवाले घाबरतात. आपल्याकडे तो, ती, ते आहेच, त्यामुळे निर्जीव वस्तूला लिंग असतं याचं आपल्याला नवल वाटत नाही. अडचण येते ती मराठी लिंग आणि जर्मन लिंग जुळत नाही तिथे. रक्त ते, 'दास ब्लूट'. हृदय ते, 'दास हेर्त्स'. गोळी ती, 'डी टाब्लेटे'. जीभ ती, 'डी त्सुंगे'. हे शब्द आपोआप लक्षात राहतात. पण हात आपल्याकडे तो आणि जर्मनमध्ये 'डी हांट'. नाक ते, पण 'डी नाझे'. पोट ते, पण 'डेर बाउख'. डोळा तो, पण 'दास आउगे'. ताप तो, पण 'दास फीबर'. अँकीत प्रत्येक कार्डाला टॅग लावता येतो. न जुळणाऱ्या सगळ्या शब्दांना मी 'लिंग वेगळं' असा टॅग लावलाय आणि परीक्षा जवळ आली की तेवढीच कार्डं वेगळी काढून करते. मराठी माणूस नेमका कुठे अडणार हे इंग्रजी डेक बनवणाऱ्याला कसं कळणार? ही यादी आपली आपणच करायला हवी.

बाकीच्या ॲप्सबद्दल थोडं बोलते.

क्विझलेट २००५ साली अमेरिकेतल्या अँड्र्यू सदरलँड या शाळकरी मुलानं स्वतःचे फ्रेंच शब्द पाठ करण्यासाठी बनवलं. वापरायला ते सगळ्यात सोपं. शिक्षकानं लिंक पाठवली की अख्खी बॅच एकाच संचावर काम करते, जोड्या लावायचे खेळ आहेत, धडा संपल्यावर उजळणी छान होते. पुढच्या आठवड्याच्या टेस्टसाठी जरूर वापरा. फुकट आवृत्तीला मर्यादा आहेत आणि वर्षभर शब्द टिकवायचे तर मला ते अपुरं वाटतं. मेमराइजमध्ये जर्मन माणसांचे बोलतानाचे छोटे व्हिडिओ आहेत. कान तयार व्हायला ते चांगले, पण तो तयार अभ्यासक्रम आहे आणि मला माझ्या वॉर्डाचे शब्द हवेत.

पर्याय दाखवणाऱ्या ॲपला माझा विरोध का, तेही सांगते. २००८ साली कार्पिके आणि रोडिगर या दोन संशोधकांनी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द शिकवले. एकदा जमलेला शब्द काहींनी पुढे नुसता वाचला, काहींनी तो पुन्हा पुन्हा आठवून सांगितला. आठवड्यानं तपासलं तर आठवून सांगणाऱ्यांना सुमारे ८० टक्के शब्द येत होते. वाचणाऱ्यांना त्याच्या निम्मेही येत नव्हते. चार पर्यायांतून शब्द ओळखता येणं वेगळं. पेशंट कळवळत असताना आपल्या तोंडून शब्द निघणं वेगळं, आणि आपल्याला ते दुसरं हवंय.

आलेला शब्द वाढत्या अंतरानं, म्हणजे दर वेळी आणखी जास्त दिवसांनी, विचारण्यामागे जर्मन भाषेच्या मुलखातल्या दोघांचं मोठं काम आहे. हर्मान एबिंगहाउसनं स्वतःवर प्रयोग करून विसरण्याचा वेग मोजला आणि १८८५ साली तो प्रसिद्ध केला. सेबास्टियान लाइटनरनं १९७२ साली कप्पे केलेल्या खोक्याची पद्धत मांडली: आलं ते कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलं ते परत पहिल्यात, आणि पुढचा कप्पा जास्त दिवसांनी बघायचा. फोन वापरायचा नसेल तर बुटांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे कप्पे करून आजही हे जमतं. अँकीत हेच काम गणित करतं. नव्या आवृत्त्यांत सेटिंगमध्ये 'एफएसआरएस' नावाचा पर्याय आहे, तो सुरू करा. तुम्हाला काय आठवलं, काय नाही ते बघून तो पुढची तारीख ठरवतो.

अँड्रॉइड फोनवरच्या अँकीचं नाव अँकीड्रॉइड, प्ले स्टोअरवर 'अँकीड्रॉइड' असंच शोधा. मिळत्याजुळत्या नावांची दुसरी ॲपही दिसतात, ती नकोत. अँकीड्रॉइड पूर्ण फुकट आहे आणि नेटशिवाय चालतं. आमच्या तळमजल्यावरच्या एक्स-रे विभागाबाहेर रेंज नसते, मिरज-कोल्हापूर पॅसेंजरमध्येही ती येते-जाते, आणि माझे बरेचसे रिव्ह्यू, म्हणजे जुन्या कार्डांची उजळणी, याच दोन ठिकाणी होतात. अँकीवेब या अँकीच्या संकेतस्थळावर खातं उघडून सिंक करत जा, म्हणजे फोन हरवला तरी कार्डं राहतील. आयफोनवर मात्र अँकीमोबाइल विकत घ्यावं लागतं, साधारण २५ डॉलर एकदाच. ज्यांना ते जड जाईल त्यांनी ब्राउझरमधून अँकीवेबच वापरावं.

कार्ड कसं करायचं? पुढे मराठी, मागे जर्मन. जर्मन शब्द कधीच एकटा लिहायचा नाही, 'डेर फरबांट, डी फरबेंडे' (बँडेज) असं लिंग आणि अनेकवचन सोबतच. नोट बनवताना उलटं कार्डही तयार होणारा प्रकार निवडलात तर एकाच नोंदीतून दोन्ही बाजूंची कार्डं मिळतात. जर्मन शब्द जर्मन लिपीतच लिहा. उच्चार देवनागरीत लिहायचा मोह होतो आणि काही ठिकाणी तो उपयोगीही पडतो, जर्मन 'त्स' तर आपल्या 'चमचा'तला 'च'च आहे. पण 'यूबेल'मधला पहिला स्वर देवनागरीत नीट उतरत नाही. त्यासाठी आवाजच हवा. फोर्वो या उच्चारांच्या संकेतस्थळावर जर्मन माणसांनी उच्चारलेले शब्द ऐका, किंवा फोनमध्ये जर्मन आवाज उतरवून घ्या आणि कार्ड फोनलाच वाचायला लावा.

शब्द कुठून घ्यायचे? ग्योटे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे पुण्याच्या बोट क्लब रोडवर ज्यांचं मॅक्स म्युलर भवन आहे त्यांच्या, संकेतस्थळावर परीक्षांच्या शब्दयाद्या फुकट मिळतात. ए१ला सुमारे ६५०, ए२ला १३००, बी१ला २४०० शब्द. सगळी यादी एकदम कार्डांत ओतू नका. आज क्लासमध्ये भेटलेला किंवा वॉर्डात हवा होता तो शब्द आजच घाला, बाकीचे आपल्या पावलांनी येतील.

अँकी सुरुवातीला रोज २० नवी कार्डं देतं. नोकरी करणाऱ्या बाईला ते फार होतं, कारण काही आठवड्यांत त्यांचेच रिव्ह्यू दीडशे-दोनशेच्या घरात जातात. मी आकडा आठवर ठेवलाय. नाइट ड्यूटीचा आठवडा असेल तर नवी कार्डं शून्य, फक्त जुनी. साठलेल्या रिव्ह्यूंचा मोठा आकडा बघून कितीतरी मुली ॲप काढून टाकतात, तेही नेमक्या शब्द रुजायला लागल्यावर. मला त्याचं खरंच वाईट वाटतं. तसं झालं तर रोज पन्नासच करा. ढीग हळूहळू उतरतो.

शरीराचे अवयव, लक्षणं आणि पेशंटला विचारायचे प्रश्न असा माझा एक डेक तयार आहे. बॅचमधल्या कुणालाही फाइल व्हॉट्सॲपवर पाठवीन, अँकीड्रॉइडमध्ये उघडली की झालं. त्यातली मराठी वाक्यं मात्र वाचताना बदलून घ्या. मी मिरजेत बोलतात तसं लिहिलंय, तुमच्याकडे पेशंट 'मळमळतंय' न म्हणता 'उमासे येतायत' म्हणत असेल तर कार्डावर तेच असू दे.