चिव्याची काठी, मरळ आणि खानापूरची वाट

मासे धरायची काठी एकदाची तयार झाली. पावसात तोडलेल्या बांबूला भुंगा लवकर लागतो, म्हणून चिवा, म्हणजे बारीक भरीव बांबू, दिवाळीनंतरच आणला. सावलीत उभा वाळवला, वाकडी पेरं निखाऱ्यावर शेकून सरळ केली, वर जवसाचं तेल चोळलं. टोकाला नुसता तंगूस, म्हणजे गळाची नायलॉन दोरी, तरंगाला मोरपिसाचा देठ. घरात रीळवाली फोल्डिंग रॉड आहे, पण ओढ्याकाठच्या झुडपात तिचा रुबाब चालत नाही.

हे खूळ बाबांचं. मेच्या सुट्टीत काका, आत्या, आम्ही भावंडं असा लवाजमा रेल्वेनं बेळगावजवळच्या खानापूरला उतरायचा आणि मलप्रभेच्या काठानं असोग्यापर्यंत चालत जायचा. कधी लाल बसनं कणकुंबी. तिथं काका एकेका ओहोळाकडं बोट दाखवून विचारायचे, हे पाणी कुठं जाणार? मलप्रभेतून कृष्णेला, की म्हादईतून गोव्याला? चुकेल त्यानं भाकरी-खर्ड्याचा डबा उचलायचा. डबा बहुतेक वेळा माझ्याच डोक्यावर.

बाबांचा दंडक एकच: आधी काठ चालायचा. "पाणी बघितलंस काय? मग गळ कशाला सोडायलास?" बघायचं ते मरळीसाठी. मरळ हवेतला श्वास घेते, त्यामुळं ती स्वतःच पत्ता सांगते. शेवाळाच्या कडेला पाणी जरा फुगतं, बुळुक होतं, रिंगण पसरतं. त्याच्या हातभर पुढं जिवंत झिंगा सोडायचा आणि सावली पाण्यावर पडू द्यायची नाही. पावसाळ्यात मात्र याच कडेला तांबूस पिल्लांचा थवा खदखदताना दिसला, की बाबा काठी खाली ठेवायला लावायचे. खाली आई-बाप राखणीला असतात, कशावरही झडप घालतात. सहज गावतात, पण मग पिल्लं दुसऱ्या माशांच्या पोटात. मी अजून तिथं गळ सोडत नाही, आणि सोडणाऱ्यांशी माझं जमत नाही.

नव्या काठीला आतापर्यंत बारीक मासळीच जास्त, आणि एक मरळ, कोपराएवढी. तिच्या हिसड्यानं शेंडा कमानीसारखा वाकला, पण पेर तडकलं नाही. शेकणं जमलंय म्हणायचं. पुढं हिंग घातलेल्या कणकेवर रोहू बघायचाय, घटप्रभेवरच्या हिडकल धरणाला, तिथं मासेमारीचा ठेका कुणाकडं आहे ते विचारूनच. भीमगडच्या बाजूला काठी नेणार नाही. २०११ पासून ते अभयारण्य आहे, तिकडं फक्त चालणं, तेही वनखात्याची परवानगी काढून.

काकांना हिडकलला चला म्हटलं. गाडीनं पाण्यापर्यंत जाणार असशील तर मी येत नाही, म्हणाले. तेव्हा गाडी लांबच लावायची ठरलंय, आणि डबा मीच उचलायचा.