पेशी मेल्या, बातमी छापली

‘नाशिकच्या विद्यार्थ्याने शोधली कॅन्सरवर रामबाण चिनी वनस्पती’ अशी बातमी त्या दिवशी पेपरात आली. ‘रामबाण’ आमचा नव्हता. प्रेसनोट मात्र आमच्याच कॉलेजातून, मला न दाखवता गेली होती. प्राचार्यांना नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, फायलीत लावायला कात्रण हवं होतं. दहा वाजेपर्यंत गेटवर माणसं जमली. हातात सीटी स्कॅनची मोठी पाकिटं, पिशव्यांत फायली. वॉचमननं सगळ्यांना सरळ आमच्या फार्माकोग्नोसीच्या, म्हणजे झाडपाल्यातली औषधं तपासायच्या लॅबकडं धाडलं.

मुळात काम काय होतं? माझा एम.फार्म.चा विद्यार्थी आर्टेमिसिया अॅनुआवर काम करतोय. चीनमध्ये तिला चिंगहाओ म्हणतात. आपला दवणा तिच्याच कुळीतला. तू योयो या बाईंनी 1970च्या दशकाच्या सुरुवातीला हिच्यातून मलेरियावरचं औषध काढलं, 2015 साली त्यांना नोबेल मिळालं. त्यांचेही आधीचे काढे फसत होते. मग चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात त्यांना दिसलं की पाला पाण्यात भिजवून, पिळून रस प्यायला सांगितलाय. उकळायचं नावही नाही. म्हणून त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं. मीही पोराला अर्क आटवताना 40 अंशांच्या वर जाऊ देत नाही. ते मलेरियावरचं द्रव्य, आर्टेमिसिनिन, साध्या यूव्ही दिव्याखाली धड दिसत नाही. अर्कातली द्रव्यं वेगळी करायच्या प्लेटवर अॅनिसाल्डिहाइड हे रसायन फवारून ती तापवावी लागते, तेव्हा कुठं गुलाबी ठिपका उमटतो. आमच्या प्लेटवर तो असा स्वच्छ आला होता की मी फोटो काढून ठेवलाय. छापायचाच होता तर तो फोटो छापायचा!

कॅन्सरच्या पेशींवरची चाचणी आमच्याकडं होत नाही, नमुने बाहेर पाठवावे लागतात. आर्टेमिसिनिनच्या रेणूतला पेरॉक्साइडचा पूल, म्हणजे दोन ऑक्सिजनचा दुवा, लोहाशी गाठ पडली की तुटतो, त्याचे तुकडे पेशीला मारक ठरतात, आणि कॅन्सरच्या पेशी लोह साठवून बसतात, म्हणून ही आशा. कच्चा अर्क मिलीलिटरला साधारण 20 मायक्रोग्रॅमच्या आत काम करत असेल तर त्याला दखल घेण्याजोगा धरतात. आमचा त्या रेषेच्या बाहेर राहिला. सर्वांत मोठ्या मात्रेला पेशी मेल्या, एवढंच. प्लेटमधल्या पेशी फिनाइलनंही मरतात. प्रेसनोटमध्ये फक्त ‘मेल्या’ पोचलं.

बहुतेकांना दोन वाक्यांत परत पाठवलं. काही चिडले. एक आजोबा म्हणाले, “औषध दाबून ठेवता तुम्ही लोक.” ‘झाडपाल्याला साइड इफेक्ट नसतो’ हे तर सगळ्यांनीच ऐकवलं. बेल्जियममध्ये 1990च्या सुमाराला वजन कमी करायच्या गोळ्यांत चुकीची चिनी मुळी गेली आणि कित्येक बायकांची मूत्रपिंडं कायमची निकामी झाली, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. त्या रांगेला सांगायला तोंड उघडलं नाही.

शेवटी दिंडोरीकडचा एक द्राक्षबागायतदार उरला. आईला मोठ्या आतड्याचा कॅन्सर, दर पंधरा दिवसांनी केमो. “जुलाबानं म्हातारी पार गळालीय मॅडम. ते विषारी सलाईन बंद करतो, तुमचं झाडाचं द्या.”

फाइल उघडली तर सलाईनमध्ये इरिनोटेकन हे केमोचं औषध.

मग मला राहवेना. म्हटलं, “दादा, हे सलाईनपण चिनी झाडाचंच आहे.” कॅम्प्टोथेका नावाचं चिनी झाड. त्यातलं कॅम्प्टोथेसिन 1966 साली अमेरिकेत ज्या दोघांनी वेगळं केलं त्यातले एक मनसुख वाणी, जन्म आपल्या नंदुरबारचा. त्याच्यातच बदल करून हे औषध झालं. वाटलं, आता भीती जाईल.

तो खुर्चीत पुढं सरकला. “मग सालच उगाळून दिली तर? आपल्याकडं मिळतं का ते झाड?”

ते नाही, पण तेच द्रव्य देणारा नरक्या मिळतो. सह्याद्रीत. त्यापायी त्याची बेसुमार तोड झालीय. हे मी बोलले नाही.

त्याऐवजी द्राक्षाचे घड वाढवायला वापरतात त्या जिबरेलिक अॅसिडवरून, म्हणजे जीएवरून, विचारलं, “फुलोऱ्याआधी घड लांबवायला जीए फवारताना दहाच्या जागी चाळीस पीपीएम झालं तर?”

“घडाची वाट लागते.”

“मग सालीत किती पीपीएम आहे, कोण मोजणार?”

“तुम्ही. तुमच्याकडं मशीन आहे ना!”

आहे. द्रव्य किती ते मोजणारं एचपीएलसी मशीन त्याच्या पाठीमागंच होतं. मग सांगितलं की शुद्ध केलेलं, मोजलेलं कॅम्प्टोथेसिनसुद्धा 1970च्या दशकात रुग्णांना दिलं तेव्हा मूत्राशयातून रक्त जायला लागलं आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. 1996 साली अमेरिकेत मान्यता मिळाली ती बदललेल्या रेणूला. आणि जुलाब या औषधाचा ठरलेला त्रास आहे, त्यावर गोळ्या असतात, डॉक्टरांना तो नीट मोजून सांगा: दिवसातून किती वेळा, रात्री किती. हे त्यानं फायलीच्या मागं लिहून घेतलं. जुलाबाचं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं म्हणे. आपल्याकडं बाहेर रांग असताना कोण विचारणार?

सलाईन चालू ठेवणार का, म्हटल्यावर “बघतो” म्हणाला.

आमच्या केमिस्ट्रीच्या मॅडमचं म्हणणं, झाडाचा विषय काढायलाच नको होता. केमो म्हणजे केमिकल, संपलं. मला ते पटत नाही. नरक्याचं त्याला आज ना उद्या मोबाईलवर कळणारच, आणि त्या व्हिडिओत मूत्राशयाचं कुणी बोलणार नाही. मग नरक्याचं नावही मीच का नाही सांगितलं, असं त्यांनी विचारलं. त्यावर जेवणाचे डबे बंद होईपर्यंत आमचं भांडण चाललं. प्राचार्यांनी तोवर कात्रण लॅमिनेट करून आणलं होतं.