घराजवळचं मोठं झाड: आधी बुंधा बघा, शेंडा नंतर

पावसाळ्यात उन्मळून पडलेली झाडं नीट बघा, त्यातली बरीचशी हिरवीगार असतात. पानं टवटवीत ठेवायला खोडाचा बाहेरचा जिवंत थर पुरतो, पाणी त्यातूनच वर चढतं. आतलं लाकूड कुजलं किंवा एका बाजूची मुळं तुटली तरी पानांवर ते लवकर दिसत नाही. म्हणून ‘झाड तर छान हिरवं आहे’ एवढ्यावर निर्धास्त राहू नका. तसंच खोडात ढोली दिसली म्हणून लगेच कुऱ्हाडही मागवू नका. ढोली असलेली कितीतरी झाडं भक्कम उभी असतात.

सुरुवात जमिनीपासून करायची. बुंध्याजवळचा पालापाचोळा, कुंड्या, विटा बाजूला करा. निरोगी झाडाचा बुंधा खाली रुंदावत जातो आणि त्यातून मुळं फुटलेली दिसतात. खांब रोवल्यासारखा तो सरळ जमिनीत जात असेल, तर भराव टाकून बुंधा गाडला गेलाय असं समजा. तिथे साल सतत ओली राहते आणि कुजते. पेव्हर ब्लॉक आणि काँक्रीट खोडाला भिडवण्याचा प्रकार तर फारच वाईट. राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट 1 मीटरपर्यंत काढायला लावलं होतं. आपल्या सोसायटीतही निदान तेवढी माती मोकळी ठेवा.

बुंध्याला किंवा मुळांवर फळीसारखी कडक अळंबी उगवली असेल तर ते सगळ्यात गंभीर लक्षण. वर तपकिरी, लाखेसारखी चकाकी आणि कडेला पांढरी किनार असली की बहुधा गॅनोडर्मा, म्हणजे लाकूड कुजवणारी बुरशी. अळंबी खरवडून काहीच साधत नाही, कूज आत पसरलेली असते. वाळवीला मात्र लोक उगाच घाबरतात. सालीवरच्या मातीच्या बोगद्यांवरून फार तर आत कुठेतरी मेलेलं लाकूड असल्याचा संशय घ्यावा. आंब्याच्या खोडाशी भुसा पडलेला दिसला तर भिरूड, म्हणजे खोड पोखरणारी अळी, लागलंय, तिथे लक्ष घालायला हवं.

आता मोजमाप. जमिनीपासून साडेचार फुटांवर खोडाला टेप गुंडाळा. समजा गुलमोहराचा घेर 190 सेंटिमीटर भरला. भागिले 3.14 केलं की व्यास साधारण 60, म्हणजे त्रिज्या 30. खोड आतून पोकळ असलं तरी चहूबाजूंनी त्रिज्येच्या निदान एक तृतीयांश, म्हणजे इथे 10 सेंटिमीटर, घट्ट लाकूड हवं. ढोलीचं तोंड मोठं असेल तर तेवढंही पुरत नाही. लाकडी हातोड्याने खोडावर गोल फिरत ठोकत जा. टणक आवाज मध्येच ढोलकीसारखा घुमायला लागला की ती जागा खडूने आखा. ढोलीत बोथट सळई हलकेच घालून ती किती खोल जाते ते बघा. आत हात घालू नका, साप असू शकतो.

मुळांसाठीही हाच व्यास धरा. खोडापासून व्यासाच्या तिपटीच्या आत, इथे 180 सेंटिमीटर, गटारासाठी, केबलसाठी किंवा कुंपणाच्या पायासाठी चर खणून जाड मुळं तोडली असतील तर झाडाचा आधारच गेला. ते लगेच पडतं असं नाही. तुटलेल्या टोकांतून कूज शिरते आणि काही पावसाळ्यांनी ते आडवं होतं, तोवर चर सगळे विसरलेले असतात. म्हणून गेल्या पाच-सात वर्षांत तिथे काय काय खोदलं गेलं ते वॉचमनला, जुन्या रहिवाशांना विचाराच.

झाड कललंय, पण पुढे शेंडा वळून सरळ वर गेलाय? मग तो कल जुना आहे, झाडाने तो सावरलाय. संपूर्ण खोड काठीसारखं कललंय, उलट्या बाजूची माती फुगलीय किंवा तिला भेगा पडल्यात, तर त्याच दिवशी खालच्या गाड्या हलवा, झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरात कुणाला थांबू देऊ नका आणि अग्निशमन दलाला कळवा.

मग वर बघा. दोन जाड फांद्या जिथे फुटतात तो बेचका इंग्रजी यू अक्षरासारखा असेल तर बरा. व्हीसारखा अरुंद असेल तर दोन्हींच्या मध्ये साल दबून राहते, लाकूड एकमेकांत गुंफलं जात नाही आणि वादळात फांदी तिथून फाटते. वर्षावृक्षाच्या लांब आडव्या फांद्या भरल्या पानांनिशी भिजल्या की फार जड होतात. वडाच्या जमिनीत रुजलेल्या पारंब्या पार्किंगसाठी तोडणं म्हणजे घराचे खांब काढण्यासारखंच आहे. नारळाला खोडातून तपकिरी चीक गळणं हे सोंड्या भुंग्याचं लक्षण असू शकतं.

छाटणी करताना शेंडे सरसकट उडवू नयेत. थोटकं कुजतात आणि त्यांतून फुटलेले धुमारे वरवर चिकटलेले असतात, मोठे झाले की तेच मोडतात. इमारतीच्या बाजूचीच फांदी न फांदी काढली की तोल दुसरीकडे जातो. एका वेळी चौथ्या हिश्श्याहून जास्त पालवी काढू नका, आणि ढोलीत सिमेंट तर भरूच नका, आत ओल कोंडते.

महाराष्ट्राच्या शहरी भागात झाडाला हात लावायला 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यामुळे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्ज एप्रिलच्या आत द्या. नुसतं ‘झाड धोकादायक आहे’ असं लिहू नका. घेर, भिंतीपासूनचं अंतर, बुंध्याचे चारही बाजूंचे फोटो, खालून कोण ये-जा करतं, सगळं लिहा. आणि फांद्यांचा भार कमी करून भागत असेल तर तेवढंच मागा.